जीपचा 'ठक्' आवाज येतो कुठून? (निरीक्षण, मापन आणि निदान)



वरच्या वाडीवरची मुलं ज्या जीपने शाळेत येतात ती जीप तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. मागच्या पावसाळ्यानंतर तिच्या मागच्या बाजूने 'ठक्' असा आवाज यायला लागला. ड्रायव्हरकाका म्हणाले, "शॉकअप गेलेत, गुरुजी." दोन्ही शॉकअप नवीन टाकले. पैसे गेले, आवाज तसाच! पंधरा दिवसांनी कळलं की जुने शॉकअप चांगले होते. पाटा ज्या लोखंडी ब्रॅकेटला अडकवलेला असतो ते ब्रॅकेटच चेसिसजवळ चिरलं होतं. घाटाच्या उतारावर, आत मुलं बसलेली असताना ते सुटलं असतं तर? आजही आठवलं की पोटात गोळा येतो. म्हणून हा पाठ.

आधी रचना समजून घेऊ. जीपचा पाटा म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पोलादी पट्ट्यांची कमान. सगळ्यात लांब पट्टीच्या दोन्ही टोकांना गोल डोळे असतात. पुढचा डोळा चेसिसच्या ब्रॅकेटला बोल्टने पक्का जोडलेला असतो, मध्ये रबरी बुश असतो. मागचा डोळा मात्र शॅकल नावाच्या हलत्या दुव्याला टांगलेला असतो. असं का बरं? भार पडला की कमान सपाट होते आणि तिची लांबी वाढते, त्या वाढीला जागा हवी ना! पाट्याच्या मध्यावर यू-बोल्टने ॲक्सल आवळलेला असतो आणि सेंटर बोल्ट त्याला जागेवरून सरकू देत नाही. म्हणजे पाटा फक्त धक्के सोसत नाही. ॲक्सलला पुढे-मागे सरकण्यापासूनही तोच अडवतो, आणि तो सगळा जोर शेवटी पुढच्या ब्रॅकेटवर येतो.

आता आवाज ऐकू. बारीक खडीवरून जाताना सतत 'खटखट' होत असेल तर शॉकअपचा बुश किंवा त्याची वरची-खालची खुंटी पाहावी. कुईकुई आवाज बहुतेक वेळा सुकलेल्या बुशचा किंवा पट्ट्या एकमेकींवर घासण्याचा. पण ब्रेक मारताना एकदा 'ठक्' आणि पुन्हा गाडी उचलताना एकदा 'ठक्' झालं, तर ॲक्सल पुढे-मागे होतोय असं समजा. आमच्या जीपचं नेमकं हेच होतं. काका रोज ऐकत होते, पण आवाज *कधी* येतो हे कुणी विचारलंच नाही. शिवाय सरळ रस्त्यावर स्टिअरिंग किंचित एका बाजूला धरावं लागतं, हेही ते नंतर बोलता बोलता म्हणाले.

पुढचं काम टेपचं. गाडी सपाट जागेवर उभी करावी, चाकांना दगड लावावेत, टायरमधली हवा सारखी आहे ना ते बघावं. मग पुढच्या ब्रॅकेटच्या बोल्टपासून ॲक्सलच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मोजावं. फरक आला तर सेंटर बोल्ट तुटून ॲक्सल पाट्यावर सरकला असण्याची शक्यता मोठी. आम्ही मोजलं तर दोन्ही बाजू सारख्या! मग काय, सगळं ठीक?

थांबा. ब्रॅकेटच वाकून मागे गेलं असेल तर त्याच्यासोबत बोल्टही मागे गेला, पाटाही गेला आणि ॲक्सलही गेला. मग फरक दिसणार कसा? ज्या जागेवर संशय आहे तिथूनच मोजून चालत नाही. म्हणून दुसऱ्यांदा चेसिसवरच्या न हलणाऱ्या खुणेपासून मोजलं. दोन्ही बाजूंना सारख्या जागी असलेला आडव्या पट्टीचा रिव्हेट धरला. उजवीकडे सव्वा सेंटिमीटर जास्त भरलं. दोन-चार मिलिमीटर मोजण्याच्या चुकीनेही पडतात, सव्वा सेंटिमीटर नाही.

चीर मात्र डोळ्यांना दिसेना, कारण वर चिखल आणि गंजाचा थर. इथे आपला वर्गातला खडू कामाला आला. तारेच्या ब्रशने जागा घासली, रॉकेल लावलं, थोड्या वेळाने कापडाने कोरडी पुसली आणि वर खडूची पूड चोळली. चिरेत शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर आलं आणि पांढऱ्या पुडीवर केसासारखी काळी रेघ उमटली. (हे मोठ्यांनीच करायचं, जवळ वेल्डिंग किंवा आग नको. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही, कधीही शिरायचं नाही. खाली स्टँड लावलेच पाहिजेत.)

चीर पडली का? एक जाड तार घ्या आणि एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवा. एकदा वाकवून तुटत नाही, पण काही वेळाने सहज तुटते. धातू असा थकतो. आमच्या जीपचा बुश झिजून संपला होता, त्यामुळे रबराने पचवायचा धक्का थेट लोखंडाला बसत होता, दगडाधोंड्यांच्या रस्त्यावर रोज शेकडो वेळा. नवीन तुटलेला भाग चकचकीत दिसतो, जुना गंजलेला. आमच्या ब्रॅकेटची अर्धी चीर तांबूस होती, म्हणजे ती बऱ्याच दिवसांची.

काका म्हणाले, "वरून वेल्डिंग मारून घेऊ." पण चिरेवर नुसतं वेल्डिंग केलं तर ती बहुधा वेल्डिंगच्या कडेने पुन्हा पुढे सरकते. चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडलं तर ताण विखुरतो आणि चीर थबकते, पण तो तात्पुरता उपाय. आम्ही ब्रॅकेट आणि बुश दोन्ही बदलायला लावले. मग पुन्हा टेप घेतला, रिव्हेटपासून ॲक्सलपर्यंत मोजलं. फरक दोन मिलिमीटर. सोमवारपासून जीप पुन्हा सुरू झाली.

विचार करा : ब्रॅकेट शाबूत आहे, पण सेंटर बोल्ट तुटला आहे. अशा वेळी वरच्या दोन मापांपैकी कोणत्या मापात फरक येईल? एकात की दोन्हींत? वहीत आकृती काढून सांगा.