शह, काटशह आणि मात : बुद्धिबळाच्या परिभाषेचा अर्थविचार

बुद्धिबळाची मराठी परिभाषा दोन थरांची आहे. घोडा, हत्ती, उंट ही प्राणिनामे देशी वळणाची. शह, मात, वजीर, प्यादे हे शब्द फारसी-अरबी परंपरेतून आलेले. तथापि येथे महत्त्वाचा प्रश्न व्युत्पत्तीचा नसून अर्थच्छटांचा आहे. पटावर काटेकोर असणारे हे शब्द राजकीय व ललित लेखनात सैल होतात आणि वाचकही तो सैल अर्थच मूळ मानू लागतो.

‘शह’ याचे मूळ फारसी ‘शाह’, म्हणजे राजा. प्रतिपक्षाच्या राजावर हल्ला होताच त्याच्याच नावाने दिलेला हा इशारा होय. तो पराभव नव्हे. राजाने घर बदलावे, शह देणारे मोहरे मारावे, अथवा मध्ये आपले मोहरे घालावे, अशा तीन प्रकारे शह निवारता येतो. घोड्याच्या शहाला तिसरा उपाय चालत नाही, कारण त्याची अडीच घरांची चाल उडीची असते. एकाच वेळी दोन मोहऱ्यांचा शह बसल्यास तर राजाला हलण्यावाचून गत्यंतर नसते. ‘अमुक नेत्याला शह दिला’ असे वृत्तपत्रे लिहितात तेव्हा त्यांना बहुधा ‘नामोहरम केले’ असे म्हणावयाचे असते. निवारणाची शक्यता त्यातून लोपते. ‘काटशह’ हा शब्द याहून नेमका आहे. शह निवारणाऱ्या चालीनेच प्रतिपक्षाच्या राजाला बसणारा शह तो काटशह. ‘शह-काटशहाचे राजकारण’ या प्रयोगात केवळ डावपेच उरतात. एका कृतीत बचाव आणि हल्ला साधण्याची खुबी हरवते.

‘मात’विषयी मतभेद आहे. अरबी क्रियापदाच्या आधारे ‘शहमात’ म्हणजे ‘राजा मेला’ असे सांगण्याचा प्रघात आहे. फारसी ‘मात’ म्हणजे हतबल, निरुपाय झालेला. हाच अर्थ खेळाशी अधिक जुळतो, कारण पटावर राजा कधीच मारला जात नाही. शह आहे आणि निवारण नाही, ही मात. शह नाही, पण नियमास धरून एकही चाल उरलेली नाही, या स्थितीला कोंडी म्हणता येईल. तेथे डाव बरोबरीत सुटतो. व्यवहारातली कोंडी फुटते, पटावरची फुटत नाही.

वजिराचे नाव टिकले, बळ पालटले. जुन्या खेळात तो एकच घर तिरपा सरके. युरोपात राणी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या याच मोहऱ्याला १५व्या शतकाच्या अखेरीस आजची मोकळी चाल मिळाली. मराठीने ती चाल स्वीकारली. राणी मात्र स्वीकारली नाही. बंगालीत तर आपल्या उंटाच्या जागी गज उभा असतो आणि हत्तीच्या कोपऱ्यात नौका.