घर बघायला मे महिन्यात या

कोकणात घर घ्यायचं मनात असेल, तर ते बघायला मे महिन्यात या. श्रावणात कुठलंही गाव देखणंच दिसतं. आम्ही नवरा-बायको निवृत्तीनंतर डोंबिवली सोडून दापोली तालुक्यातल्या एका वाडीत कायमचे राहायला आलो. तेव्हापासून आमच्याकडे ‘आम्हालाही यायचंय’ म्हणणाऱ्या पाहुण्यांची रीघ असते. त्यांना जे सांगते, तेच इथे लिहिते आहे.

आधी पाणी. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, हे ऐकून शहरातला माणूस निर्धास्त होतो. पण जांभ्याच्या कातळात पाणी फार काळ टिकत नाही, झिरपून निघून जातं. शिमगा झाला की विहिरीचा तळ दिसायला लागतो. आमच्या पहिल्या उन्हाळ्यात रात्रभर साठून सकाळी दोन कळशा पाणी निघायचं, तेही गढूळ. म्हणून विकणाऱ्याला ‘विहीर आहे का?’ असं विचारू नका. शेजारच्या बाईला विचारा, ‘मे महिन्यात पाणी कुठून आणता?’ उत्तर खरं मिळेल.

मग कागद. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला मुळात शेतकरी असावं लागतं, नाहीतर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. ‘ते आपण बघून घेऊ’ म्हणणाऱ्या एजंटाच्या हातावर विसार ठेवू नका. सातबारा, आठ-अ आणि जुने फेरफार काढून वकिलाला दाखवा. कोकणात एकेका सातबाऱ्यावर पंधरा-वीस नावं सहज सापडतात. निम्मी माणसं मुंबईत, काही तर हयातही नसतात. किल्ली ज्याच्या हातात तोच मालक, असं धरून चालू नका. सरकारी मोजणी करून घ्या.

आणि वाट बघा. आमच्या घरापर्यंतची पायवाट दुसऱ्याच्या कलमांच्या बागेतून येते. ‘पूर्वापार वहिवाट आहे’ असं व्यवहाराच्या वेळी सांगितलं गेलं, कागदावर मात्र एक ओळ नव्हती. आम्ही सामान लावून होतोय तोवर तिथे गडगा उभा राहिला. तहसील कचेरीत अर्ज करता येतो, तो आम्ही लिहूनही ठेवला होता. पण प्रश्न सुटला वाडीच्या बैठकीत. तिथे एका जाणत्याने आम्हाला एवढंच सुनावलं, ‘शिमग्याला पालखी तुमच्या दारात आली तेव्हा दार बंद होतं. आधी गावात दिसा, मग वाटेचं बोलू.’ त्या वर्षी गणपतीत आम्ही घरोघर आरतीला गेलो. दिवाळीच्या आत गडग्याला माणूस जाईल एवढी खिंड पडली.

पावसाळ्याची तयारी गावकऱ्यांकडूनच शिका. इथे मे महिन्यात आगोटीची गडबड असते. लाकूडफाटा, डाळ-तांदूळ, औषधं सगळं भरून ठेवायचं, कौलं चाळून घ्यायची. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं, तेव्हा या भागातली कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. इन्व्हर्टर अशा वेळी दुसऱ्या दिवशीच मान टाकतो. पंप बसवलात तरी विहिरीवरचा रहाट काढू नका.

चिऱ्यांच्या ढिगात, पाचोळ्यात फुरसं असतं. रात्री बॅटरीशिवाय खळ्यातसुद्धा पाऊल टाकू नका. साप चावलाच तर कापाकापी, आवळपट्टी, मांत्रिक यांत वेळ न घालवता, चावलेला भाग न हलवता दवाखाना गाठायचा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर एकच प्रतिविष चालतं. ते जवळ कुठे मिळतं आणि रात्री गाडी कोणाची, ही चौकशी गृहप्रवेशाआधी करा.

सगळ्यात अवघड धडा मात्र पैशाचा आहे. पहिल्याच झडीत अंगणात फणस आडवा झाला. शेजारचा मुलगा न बोलावता कोयता घेऊन आला आणि भिजत दुपारपर्यंत फांद्या तोडत राहिला. मी पाचशेची नोट पुढे केली. ‘ऱ्हाऊ दे, पैशे कसले?’ म्हणून तो निघून गेला आणि नंतर कितीतरी दिवस फिरकला नाही. त्याची आई निराधार पेन्शनचा कागद घेऊन आली, तेव्हा मला उलगडा झाला. आयुष्यभर बँकेत काढल्यामुळे मला देणं त्याच दिवशी चुकतं करायची सवय. इथे देणं-घेणं थोडं शिल्लक ठेवायचं असतं. त्यानेच येणं-जाणं राहतं. आता वाडीतले अर्ज मी भरते, बँकेत कोणाबरोबर जायचं तर जाते. अडलं की निःसंकोच हाकही मारते. साठीपर्यंत मला कोणाकडे काही मागता येत नव्हतं. ते इथे आलं, आणि त्यामुळे स्वभावातला ताठा बराच उतरला, असं घरचेच म्हणतात.

तेव्हा यायचं तर आधी वर्षभर भाड्याने राहा. एक उन्हाळा, एक पावसाळा आणि एक शिमगा पदरात पडू द्या. तोवर शहरातला फ्लॅट विकू नका. इतकं करूनही जमलं नाही तर परत जा, त्यात कमीपणा नाही. काहींना गर्दीतच बरं वाटतं, आणि ते स्वतःबद्दल कळायलाही एक वर्ष खर्ची घालावं लागतं.