आधी टेबल पाहा, मग संगणक बदला

गळीत हंगामाच्या तोंडावर मी कारखान्यातले ८० संगणक एका झटक्यात बदलले. चूक माझी होती. तिची किंमत मात्र वजनकाट्यासमोर रात्रभर जुंपून उभ्या राहिलेल्या बैलांनी आणि दिवसभर ऊस तोडून आलेल्या माणसांनी मोजली. ती वेळ दुसऱ्या कुणावर येऊ नये, म्हणून हे लिहितो आहे.

बीड जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात मी संगणक विभाग सांभाळत होतो. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या व्हायरसने जगभरच्या कार्यालयांतल्या फाइली कुलूपबंद केल्या. इंग्लंडमधले सरकारी दवाखानेही अडले. आमच्या निम्म्या टेबलांवर अजून विंडोज एक्सपी होतं. त्याचे नियमित सुरक्षा अपडेट एप्रिल २०१४ मध्येच बंद झाले होते. संचालक मंडळाने नव्या संगणकांना मंजुरी दिली, पण कोटेशनं, तुलनात्मक तक्ते आणि सह्यांमध्ये पावसाळा निघून गेला. माल हातात आला तेव्हा दिवाळी सरली होती आणि मोळी टाकून गाळप सुरू करायची तयारी चालली होती. तिथेच थांबायला हवं होतं. मी थांबलो नाही.

माझ्याकडे यादी होती. शेतकी, अकाउंट, टाइम ऑफिस, स्टोअर, वजनकाटा. प्रत्येक विभागात किती संगणक आणि कोणाच्या नावावर, सगळं लिहिलेलं. संगणकाच्या मागे काय जोडलंय आणि आत काय आहे, एवढंच नव्हतं.

काट्याचा इंडिकेटर वजनाचा आकडा नऊ पिनांच्या सिरियल पोर्टमधून संगणकाला देतो. नव्या संगणकाला तो पोर्टच नव्हता. बसवणारी मुलं केबल तशीच लोंबती ठेवून गेली. काटा तेव्हा बंद होता, त्यामुळे वजन घेऊन कुणी पाहिलं नाही. गाळपाच्या पहिल्या दिवशी संध्याकाळी गाड्या आल्या आणि पडद्यावर आकडा उमटेना. काटा क्लार्क इंडिकेटर पाहून हाताने पावत्या लिहू लागला. आधी भरलेल्या गाडीचं वजन, मग रिकाम्या गाडीचं, मग वजाबाकी. ट्रॅक्टर आणि टायरगाड्यांची रांग फाटकाबाहेर रस्त्यावर गेली.

रात्री अकराच्या सुमारास एक बाई केबिनच्या खिडकीशी आली. कडेवर झोपलेलं लेकरू. म्हणाली, "साहेब, गाडी कवा खाली व्हायची? पहाटं पुन्हा तोडीला जायचंय." माझ्याकडे उत्तर नव्हतं. बीडच्या दुकानात पोर्टचा कन्व्हर्टर मिळाला असता, पण सकाळी. जुना संगणक गोदामात होता. त्यावर ना विभाग लिहिलेला, ना टेबल. ढिगातला एकेक चालू करून पाहत काट्याचा संगणक सापडला तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते.

पुढच्या आठवड्यात दुसरं दुखणं निघालं. शेतकी विभागातल्या एका ज्येष्ठ क्लार्कची सगळी पत्रं श्रीलिपीत होती. नव्या संगणकावर तो फाँट नव्हता. वीस वर्षांचा पत्रव्यवहार अगम्य चिन्हांत दिसू लागला. रेमिंग्टन पद्धतीने टाइप करणारी त्यांची बोटं नव्या कळफलकावर अडखळू लागली. चांगला कामाचा माणूस स्वतःला निकामी समजू लागला, आणि ते मला काट्याच्या रांगेइतकंच लागलं.

तेव्हापासून मी काही नियम पाळतो.

संगणक ऑफ सीझनमध्येच बदला. मिलचे रोलर आपण भर गाळपात काढतो का? मग संगणक का काढायचे? कार्यालय कोणतंही असो, त्याचा हंगाम असतोच. शाळेला प्रवेशाचा, पतसंस्थेला मार्चअखेरचा.

प्रत्येक टेबलापाशी दहा मिनिटं बसा. मागच्या केबली मोजा, प्रिंटर कोणत्या पोर्टवर आहे ते पाहा, फाँट आणि प्रोग्रॅम लिहून घ्या. डॉसवरचा जुना फॉक्सप्रो ६४ बिट विंडोजवर थेट चालत नाही, हे खरेदीआधी कळायला हवं. मग त्या माणसाला विचारा, "कशावाचून तुमचं काम अडेल?"

आधी एकच संगणक बदला आणि पूर्ण एक पाळी खऱ्या कामावर चालवा. काट्यावर भरलेली गाडी चढवून पावती निघाल्याशिवाय सही करू नका.

जुन्या संगणकावर टेबलाचं नाव चिकटवा आणि तो किमान एक महिना चालू स्थितीत ठेवा. नंतर भंगारात देण्याआधी हार्ड डिस्क काढून घ्या. तिच्यात शेतकऱ्यांचे बँक खाते क्रमांक असतात. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. साहित्य नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण केंद्रालाच द्या आणि पावती जपून ठेवा.

जे चालतंय त्याची निगा राखा. बगॅसची धूळ पंख्यात साचून संगणक तापतो, म्हणून तो वेळच्या वेळी साफ करा. वीज गेल्यावर तारीख मागे जात असेल, तर मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल बदला. एवढ्याशा सेलपायी पावतीवर भलतीच तारीख पडते आणि शेतकऱ्याला बिलासाठी खेटे घालावे लागतात.

आता हे सांगायला कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला, तोही नेमका हंगामाच्या तोंडावर. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे साधारण २०१८ च्या आधीचे बरेच संगणक बाद ठरतात. अनेक ठिकाणी घाईने खरेदी होईल. ज्या टेबलाला इंटरनेट जोडलेलं आहे ते आधी सुरक्षित करा, बाकीच्यांचं वेळापत्रक आखा. पण रांग लागलेली असताना काट्यावरची केबल काढू नका. त्या केबलच्या दुसऱ्या टोकाला, पहाटे पुन्हा तोडीला जायचं असलेलं कुणीतरी उभं असतं.