भिंतींपलीकडील लहरी

सुमतीची शिष्यवृत्तीची परीक्षा जवळ आली होती. वाड्याच्या ओसरीवर वाय-फायचे यंत्र होते. परंतु माजघरात ती पाठ पाहू लागली, की चित्र वारंवार थांबे.

"काका, याहून शक्तिमान यंत्र आणूया ना!" ती म्हणाली.

काका हसले. "ओसरीवरील दिवा कितीही मोठा केला, तरी माजघर उजळेल काय? शिवाय हे संभाषण दुहेरी असते. यंत्राचा आवाज मोठा झाला, तरी तुझ्या लहानशा फोनचा क्षीण आवाज त्याला कसा ऐकू येणार?"

१८९५ साली जगदीशचंद्र बसू यांनी कोलकात्यात बिनतारी लहरी भिंतीपलीकडे पाठवून दाखविल्या होत्या. मात्र जाड दगडी भिंत लहरींची बरीच शक्ती शोषून घेते. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतीतून त्यातल्या त्यात बऱ्या जातात. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी माहिती अधिक वेगाने नेतात, परंतु भिंतीपुढे लवकर दुबळ्या होतात.

काकांनी ओसरीवरून माजघरापर्यंत तार नेली आणि तेथे दुसरे यंत्र, म्हणजेच ॲक्सेस पॉइंट, जोडले. दोहोंना एकच नाव व एकच परवलीचा शब्द दिला. त्यामुळे फोन आपण होऊन जवळच्या यंत्राकडे वळू लागला. दोन्ही यंत्रे एकाच वाहिनीवर असती, तर त्यांना एकमेकांसाठी थांबावे लागले असते, म्हणून २.४ गिगाहर्ट्झवर एकास पहिली व दुसऱ्यास सहावी वाहिनी दिली.

त्या रात्री सुमतीचा पाठ अखंड चालला. मुलांनो, शक्ती वाढविण्यापूर्वी ती योग्य स्थानी आहे की नाही, हे पाहावे.