अन्ननलिका व जठराचा कर्करोग : शस्त्रक्रिया आणि वेळेचे महत्त्व

कर्करोग म्हणजे मृत्यूचे बोलावणेच, असा समज समाजात अद्यापही आढळतो. अन्ननलिका व जठर यांच्या कर्करोगाविषयी तर तो अधिकच दृढ आहे. तथापि, शस्त्रक्रियेचे यश शल्यविशारदाच्या कौशल्याइतकेच रुग्ण किती लवकर रुग्णालयात पोचतो यावर अवलंबून असते, ही गोष्ट या उपचारांच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

दोन ऐतिहासिक शस्त्रक्रिया

२९ जानेवारी १८८१ रोजी व्हिएन्ना येथे थिओडोर बिलरॉथ यांनी ४३ वर्षांच्या एका स्त्रीच्या जठराचा रोगग्रस्त भाग काढून उरलेले जठर लहान आतड्यास जोडले. या प्रकारची ही पहिली यशस्वी शस्त्रक्रिया होय. रुग्ण अन्न घेऊ लागली. परंतु रोग आधीच पसरलेला असल्याने सुमारे चार महिन्यांनी तिचे निधन झाले. पुढे १९१३ साली न्यूयॉर्क येथे फ्रान्झ टोरेक यांनी एका वृद्धेच्या छातीतील अन्ननलिकेचा रोगग्रस्त भाग काढला. तुटलेला मार्ग आतून जोडणे त्या काळी शक्य न झाल्याने मानेपासून जठरापर्यंत शरीराबाहेरून रबरी नळी बसविण्यात आली. त्या नळीतून अन्न घेत ती दहा वर्षांहून अधिक काळ जगली. पहिल्या उदाहरणात जोड उत्तम साधला, पण रोग पुढे गेलेला होता. दुसऱ्यात साधन ओबडधोबड होते, पण रोग समूळ निघाला.

आजची पद्धती

आज अन्ननलिकेचा भाग काढल्यावर जठरालाच नळीचा आकार देऊन ते वर छातीत किंवा मानेपर्यंत ओढून जोडले जाते. रोग प्रथम लसिका ग्रंथींत पसरत असल्याने आसपासच्या ग्रंथीही काढतात. शस्त्रक्रियेपूर्वी औषधे व किरणोपचार दिल्यास लाभ होतो. नेदरलँड्समध्ये झालेल्या व २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अन्ननलिकेच्या रुग्णांचे मध्यक आयुर्मान केवळ शस्त्रक्रियेने २४ महिने, तर आधी हे उपचार दिल्याने ४९ महिने आढळले. जठराचा कर्करोग वरच्या अस्तरापुरताच मर्यादित असताना सापडल्यास मात्र दहांपैकी नऊ किंवा अधिक रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात, हे जपानमधील अनुभवाने सिद्ध झाले आहे.

विलंब का होतो?

अन्ननलिका लवचीक असते. घास अडकू लागतो तेव्हा तिचा मार्ग बराच अरुंद झालेला असतो. रुग्ण भाकरी सोडून भातावर, भातावरून पेजेवर येतो. घरची मंडळी पित्त किंवा वय म्हणून दुर्लक्ष करतात. जठराच्या रोगात भूक मंदावणे, वजन घटणे, काळसर शौच होणे ही चिन्हे अशीच दुर्लक्षिली जातात. दुर्बिणीने तपासून घेतलेला लहानसा तुकडाच खरे निदान करतो.

गावाची जबाबदारी

गिळण्यास त्रास होणाऱ्या व्यक्तीस विनाविलंब तपासणीस पाठविणे, तंबाखू व मद्य यांपासून तरुणांना परावृत्त करणे आणि शासकीय आरोग्य योजनांची माहिती घरोघरी पोचविणे, ही कामे शिक्षक व पंचायत सदस्य सहज करू शकतात. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाने थोडेथोडे व वारंवार खावे, जेवल्यावर लगेच आडवे होऊ नये. संपूर्ण जठर काढलेल्यास ब-१२ जीवनसत्त्व आयुष्यभर घ्यावे लागते. १९४१ साली मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. बार्शीसारख्या ठिकाणीही कर्करोग रुग्णालय उभे राहिले. उपचाराची दारे उघडी आहेत. तेथवर वेळेत पोचविणारा हात गावातूनच पुढे आला पाहिजे.