रेस दिली की शिट्टी: गाडीच्या टेपमधला आवाज घालवायला किती खर्च येतो?

नगर-पुणे रस्त्यावर सुप्याच्या पुढे गाडी जरा पळायला लागली, की गाण्यामागे एक बारीक शिट्टी ऐकू येते. रेस वाढवली की ती चढते, पाय काढला की उतरते, इंजिन बंद केलं की गप्प होते. वूफर आणि अँप बसवायला आठ-दहा हजार मोजलेल्या माणसाला हा आवाज फार लागतो. तो दुकानात परत जातो आणि बहुतेक वेळा एक फिल्टर विकत घेऊन बाहेर पडतो. माझं कळकळीचं सांगणं आहे, की फिल्टर सर्वांत शेवटी घ्या. आधी आवाज कुठून आत शिरतो ते शोधा. त्याला अर्धा-पाऊण तास लागतो, आणि पुष्कळदा काम पॉलिश पेपरच्या एका तुकड्यावर भागतं.

ही शिट्टी अल्टरनेटरची असते. अल्टरनेटरमध्ये तयार होणारी वीज एसी असते. आतले डायोड तिची डीसी करतात, तरी थोडी लहर उरतेच. इंजिनाचा वेग बदलला की लहरीचाही बदलतो, म्हणून शिट्टी चढते-उतरते. गाण्यात शिरायला तिला वाट लागते, आणि सर्वांत सोपी वाट अर्थिंगची. टेपची अर्थ डॅशबोर्डमागे असते, अँपची डिकीत. बॉडीवरच्या या दोन जागांत व्होल्टेजचा किंचित फरक राहतो. दोघांना जोडणाऱ्या आरसीए केबलच्या बाहेरच्या जाळीतून त्या फरकामुळे करंट वाहू लागतो, आणि अँप त्यालाही गाणं समजून मोठं करतो.

पहिल्या तपासण्या फुकट आहेत. मोबाइल चार्जरला लावून ऑक्स केबलने गाणी ऐकत असाल, तर चार्जर काढून पाहा. शिट्टी गेली तर दुकानात जायचं कारणच नाही, ब्लूटूथवर ऐका. एफएमवर नगर केंद्र लावल्यावर खरखर येत असेल, तर चार्जर, डॅशकॅम, बाहेरून बसवलेले एलईडी दिवे एकेक बंद करत जा. नगरच्या व्हीआरडीई या वाहन-संशोधन संस्थेत गाड्यांच्या विद्युतचुंबकीय हस्तक्षेपाच्या चाचण्या होतात. कंपनीतून निघणाऱ्या गाडीला त्यासाठी एआयएस-००४ हे मानक आहे. रस्त्यावर शंभर रुपयांत घेतलेला चार्जर अशा कुठल्याच चाचणीतून आलेला नसतो, हे लक्षात ठेवा. पेट्रोल गाडीत रेसबरोबर टकटक वाढत असेल तर संशय स्पार्क प्लगवर घ्यावा. रेझिस्टर असलेल्या प्लगच्या जागी साधे बसवले असतील तर असं होतं. डिझेल गाडीत स्पार्क प्लगच नसतो, तिथे प्लग बदलायला सांगणाऱ्याचं ऐकू नका.

पुढची तपासणी अँपपाशी. टेप आणि अँप बंद करा, अँपच्या बाजूच्या आरसीए पिना काढा, मग इंजिन सुरू करून अँप चालू करा. आवाज तरीही आला तर दोष अँपच्या अर्थिंगमध्ये, करंटच्या वायरमध्ये किंवा खुद्द अँपमध्ये. आवाज गेला तर तो टेपकडून किंवा केबलमधून येतोय. पिना काढताना अँप बंदच हवा. चालू अँपच्या पिना ओढल्या तर काही टेपमधला आतला नाजूक फ्यूज उडतो आणि मग कायमची शिट्टी मागे लागते.

आता अर्थिंग. माझ्या स्वतःच्या गाडीत बसवणाऱ्याने अँपची काळी वायर डिकीतल्या रंगवलेल्या पत्र्यावर स्क्रूने दाबून टाकली होती. रंग हा वीज अडवणारा थर आहे, एवढं साधं त्यात विसरलं गेलं. वायर काढली, रुपयाएवढी जागा चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासली, चांगलं थिंबल आणि दातेरी वायसर घालून बोल्ट आवळला, वरून गंज लागू नये म्हणून ग्रीस लावलं. शिट्टी गेली. सामान पन्नास-साठ रुपयांचं. ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घेतलं तर मजुरी २०० ते ५०० रुपये धरा. अर्थची वायर करंटच्या वायरइतकीच जाड आणि दीड फुटाच्या आत असावी. सीटबेल्टचा बोल्ट आणि सीएनजी सिलिंडरचं ब्रॅकेट यांना हात लावू देऊ नका. नवं भोक पाडायचं तर आधी गाडीखाली वाकून पाहायला लावा. तिथे पेट्रोलची टाकी असू शकते.

अर्थ चांगली झाली का, हे मीटरवर दिसतं. गाणं मोठ्याने चालू असताना अँपच्या निगेटिव्हपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत ०.१–०.२ व्होल्टपेक्षा जास्त फरक नसावा. साधं मल्टीमीटर ३०० ते ६०० रुपयांत मिळतं.

अर्थ नीट असूनही शिट्टी राहिली तर वायरिंग उघडा. करंटची वायर आणि आरसीए केबल गाडीच्या एकाच बाजूने नेलेल्या असतील तर त्या वेगळ्या करा: एक डावीकडून, एक उजवीकडून. मॅट आणि पट्ट्या उघडायच्या म्हणून मजुरी ५०० ते १,२०० रुपये. बरी केबल ३०० ते ८००. बॅटरीपाशी फूट-दीड फुटाच्या आत फ्यूज आहे ना, तेही याच वेळी पाहा. तो नसेल तर वायर घासून आग लागू शकते.

अल्टरनेटरवर संशय घेण्यापूर्वी मोजा. बॅटरीवर इंजिन बंद असताना साधारण १२.६ आणि चालू असताना १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसावेत. मग मीटर एसीवर ठेवा. अर्धा व्होल्ट दिसला तर डायोड गेलेला असण्याची शक्यता मोठी. स्वस्त मीटर डीसीवरही खोटा एसी आकडा दाखवतो, म्हणून आधी इंजिन बंद ठेवून एकदा वाचा. रेक्टिफायर प्लेट बदलायला मजुरीसह अंदाजे १,५०० ते ३,५०० रुपये. नवा अल्टरनेटर गाडीनुसार सात हजारांपासून पुढे. प्लेटवर काम होत असताना अख्खा अल्टरनेटर घेऊ नका.

यानंतरही शिट्टी उरली, तर सुरुवातीला म्हटलेला फिल्टर, म्हणजे ग्राउंड लूप आयसोलेटर, २५० ते ६०० रुपये. स्वस्तातल्याचा ट्रान्सफॉर्मर छोटा असतो, तो खालचे सूर खातो; म्हणजे ज्या बेससाठी वूफर घेतला तोच पातळ होतो. म्हणून तो शेवटी.

ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यांसाठीही हाच क्रम. तिथे धूळ आणि हादरे जास्त, अर्थचा बोल्ट सैल होतो. हंगाम सुरू होण्यापूर्वी तो उघडून, घासून, आवळून घ्यावा.

वरचे दर अंदाजाचे आहेत. दुकान आणि गाडीप्रमाणे बदलतील. गाडी वॉरंटीत असेल तर मूळ वायर कापू देऊ नका, तीनशे ते आठशे रुपयांचं कप्लर मागा. पैसे देण्याआधी इंजिन, एसी, हेडलाइट, वायपर सगळं चालू करून रेस देऊन ऐका. बिल पक्कं घ्या, त्यावर कामाची वॉरंटी लिहून घ्या. दुकानदार दोष मान्य करत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची आहे, आणि वकील लावण्याची सक्ती नाही.