खेळाडूचा पहिला डॉक्टर

परळीत पहाटे फिरायला निघालात तर रस्त्याच्या कडेने धावणारी मुले-मुली हमखास दिसतात. बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पोलीस भरती असते. तिच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. प्रशिक्षक नसतो, बूट साधे असतात आणि धावायला डांबरी सडक असते. पाय दुखू लागला की ही मुले माझ्यासारख्या जनरल प्रॅक्टिशनरकडे येतात. मागणी एकच असते, ‘डॉक्टरसाहेब, एक इंजेक्शन द्या, उद्या धावायचंय.’

आपल्या जिल्ह्याला खेळाडू नवे नाहीत. आष्टी तालुक्यातील मांडव्याच्या अविनाश साबळे यांनी २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्यपदक मिळवले. जुलै २०२५ मध्ये मोनॅको येथील शर्यतीत त्यांच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि शस्त्रक्रिया करावी लागली. एवढ्या मोठ्या खेळाडूभोवती तज्ज्ञांचा ताफा असतो. परळीच्या सडकेवर धावणाऱ्या मुलाला मात्र गल्लीतला डॉक्टरच असतो. म्हणून त्या डॉक्टरला खेळातील दुखापतींचे ज्ञान असणे गरजेचे आहे.

परदेशात काय करतात?

या ज्ञानाच्या शाखेला क्रीडा वैद्यक म्हणतात. अमेरिकेत फॅमिली डॉक्टर, बालरोगतज्ज्ञ किंवा फिजिशियन आपले शिक्षण पूर्ण झाल्यावर या विषयात साधारण एक वर्षाची फेलोशिप करतात. १९९३ पासून त्यासाठी परीक्षाही आहे. त्या वर्षात डॉक्टर सामन्याच्या वेळी मैदानाच्या कडेला थांबतो, अस्थिरोगतज्ज्ञ व फिजिओथेरपिस्ट यांच्याजवळ शिकतो आणि आपले नेहमीचे रुग्णही तपासतो. कारण सरळ आहे. खेळातील बहुतांश दुखापतींना शस्त्रक्रिया लागत नाही. लागते ते अचूक निदान, योग्य विश्रांती आणि व्यायाम. ब्रिटनने २००५ साली या शाखेला स्वतंत्र दर्जा दिला.

आपल्याकडे एमबीबीएसनंतर क्रीडा वैद्यकात तीन वर्षांचा एम.डी. अभ्यासक्रम आहे, पण जागा थोड्या आहेत. शिवाय तालुक्याच्या गावात दवाखाना चालवणारा डॉक्टर तीन वर्षे कुलूप लावून जाणार कसा? त्याच्यासाठी काम सांभाळून करता येईल असे छोटे प्रशिक्षण हवे. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आपल्या जवळच आहे. तेथील अस्थिरोग विभाग आणि आपल्या भागातील डॉक्टरांची संघटना यांनी मनावर घेतले, तर महिन्यातील एका रविवारीही हे काम सुरू होऊ शकेल.

अशा शिक्षणाने फरक काय पडतो?

पहिले उदाहरण नडगीचे. नडगीच्या आतल्या कडेने लांबवर दुखत असेल तर तो बहुधा अतिसरावाचा परिणाम असतो. धावणे कमी केले की बरे वाटते. परंतु एकाच ठिकाणी बोट ठेवताच कळ येत असेल, बसल्यावर किंवा रात्रीही ठणकत असेल, तर हाडाला बारीक तडा असण्याची शक्यता असते. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत असा तडा एक्स-रेमध्ये दिसेलच असे नाही. एक्स-रे चांगला आला म्हणून इंजेक्शन घेऊन धावत राहिल्यास तडा वाढून हाड पूर्ण मोडू शकते. वेळीच थांबल्यास बहुतेक तडे सहा ते आठ आठवड्यांत भरतात. तसेच अंगातील पाणी कमी झालेले असताना वेदनाशामक औषध घेऊन उन्हात धावणे मूत्रपिंडाला धोक्याचे आहे.

दुसरे उदाहरण घोट्याचे. पाय मुरगळला की प्रत्येकाला एक्स-रे लागत नाही. कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी १९९२ मध्ये यासाठी सोपे नियम मांडले. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या टोकावर किंवा मागच्या कडेवर दाबल्यास दुखत असेल, अथवा चार पावलेही टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढावा. यासाठी यंत्र लागत नाही, शिकलेला हात लागतो.

मुलांनी व पालकांनी काय करावे?

१) दुखणे लपवू नये. किती दिवस, किती अंतर व कोणत्या जमिनीवर धावता ते डॉक्टरांना सांगावे.

२) सराव एकदम वाढवू नये. भरतीच्या आधी तीन-चार महिने सुरुवात करून दर आठवड्याला थोडे अंतर वाढवावे. शक्य तेथे मातीच्या मैदानावर धावावे.

३) इंजेक्शन मागण्याऐवजी ‘मी पुन्हा केव्हा आणि किती धावू?’ असे विचारावे.

४) दुखणे थांबल्यावर आधी अर्धा तास भरभर चालावे. त्रास झाला नाही तर थोडे चालणे, थोडे धावणे असा क्रम ठेवावा. पुन्हा कळ आली तर थांबून डॉक्टरांना दाखवावे.